काळखडीचा पडदा

महादेवप्पाच्या फोटो स्टुडिओमागच्या अंगणात सरस उकळायला लागला की पंचशीला नाकाला रुमाल बांधायची, तरी वास घशात उतरायचाच. सरस म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला चिकटा. तो पाण्यात विरघळवायचा, त्यात खडूची भुकटी कालवायची आणि मांजरपाटाच्या कापडावर दोन हात द्यायचे, मगच पडद्यावर रंग बसतो. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर तिच्या आज्याने मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. नातीने बी.एस्सी. होऊन त्याच ढोरांचा रस्सा ढवळावा याची तिला कधी गंमत वाटे, कधी उमळून येई. शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात उमळूनच जास्त येत होतं. गावोगाव जनावरं मरत होती आणि बाजारात सरस कधी नव्हे इतका मुबलक होता.

लातूरला तिने पदार्थविज्ञान घेऊन पदवी केली होती. नोकरीचे अर्ज गेले होते, उत्तरं आली नव्हती. चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा शाळेतच झाल्या होत्या, म्हणून तालुक्याच्या गावी महादेवप्पाकडे ती पडदे रंगवायला बसे. महादेवप्पा मूळचा निलंग्याकडचा, साठीचा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. जत्रेतल्या नाटकांचे पडदे आणि आपल्याच स्टुडिओतले पडदे तो पंचवीस वर्षं रंगवत आला होता. ताजमहाल, हंसांचं तळं, जिना, विमान. लोक सणासुदीला यायचे, हवा तो पडदा सोडायला सांगायचे आणि त्याच्यापुढं ताठ उभे राहायचे.

त्याचे डोंगर बघून पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "आप्पा, तुमचे डोंगर एकमेकाला चिकटलेत."

"लांबचा लहान काढलाय की, अव्वा."

"लहान काढला की तो लहान दिसतो. लांब नाही दिसत."

म्हाताऱ्याला राग आला नाही. "मग लांब कसा दिसतंय ते तू दाव," म्हणाला आणि विडी पेटवून बसला.

तिने दाखवलं. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये हवा असते. हवेवर ऊन पडतं, ती स्वतः थोडी उजळते, आणि तो उजेड डोंगराच्या रंगात मिसळतो. मध्ये हवा जितकी जास्त तितकी मिसळ जास्त. त्यात सगळ्यात आधी काळा रंग मरतो. म्हणून काजळी फक्त पायापाशीच्या खडकाला वापरायची. दुसऱ्या रांगेत निव्वळ काळं कुठेच ठेवायचं नाही, तिसरीत भेगा काढायच्याच नाहीत, आणि शेवटची रांग आभाळापासून जेमतेम वेगळी करायची. तिने सफेदा आणि नीळ यांचं एक वाटण करून डबा भरला, डब्यावर 'हवा' असं लिहिलं, आणि प्रत्येक रांगेच्या रंगात ती हवा चमच्याने वाढवत गेली. महादेवप्पाने ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तोही "हवा दे इकडं" असं मागू लागला.

एप्रिलच्या शेवटी ओव्हरसियर व्यंकटराव स्टुडिओत आले. पाझर तलावांची कामं ते बघत. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी माठात तांब्या बुडवला, दोन वेळा चूळ भरली, दोन्ही वेळा अंगणात सोडली. ते पाणी टँकरचं होतं. पंचशीला पहाटे रांगेत उभी राहून आणायची. जमिनीने ते लगेच पिऊन टाकलं आणि वर पानाचा लाल डाग तेवढा ठेवला. ती त्या डागाकडे बघत राहिली.

"मोठा पडदा पाहिजे," व्यंकटराव म्हणाले. "काळखडीचा पाझर तलाव. झाल्यावर कसा दिसेल तसा. बांध, दगडी पिचिंग, मागं डोंगर. जिल्ह्याला ऑगस्टात चार वर्षं होतायत, लातूरला प्रदर्शन आहे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आत चालत जावं."

काळखडी हे पंचशीलाच्या आत्याचं गाव, अकरा किलोमीटरवर. आत्या नागुबाई आणि तिच्यासोबतच्या बाया वर्षभर रोजगार हमीचं काम मागत होत्या. तलाव मंजूर झालाय असं त्यांना सांगितलं गेलं होतं. काम सुरू झालं तर त्या गावात राहणार होत्या. नाहीतर पावसाच्या तोंडापर्यंत लेकरं घेऊन कर्नाटकात खडी फोडायला जायचं ठरलं होतं. तलावाचं चित्र काढायचं म्हणजे तलाव होणार, असा पंचशीलाने सरळ अर्थ लावला. आत्याला तसं सांगायला म्हणून आणि जागा बघायला म्हणून ती दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने काळखडीला गेली.

जागा म्हणजे दोन खडकाळ टेकड्यांमधली घळ. काळा दगड, उन्हाने सोललेला, बाभळीची चार खुंटं. तिने जाड पुठ्ठ्याला छर्रा मावेल एवढं भोक पाडून आणलं होतं. एक डोळा मिटून भोकातून बघितलं की डोंगर दिसत नाही, त्याचा रंग तेवढा दिसतो. हा डोंगर आहे, हा हिरवा असणार, असं मन मध्ये बोलत नाही. तिने चार अंतरांवरचे चार रंग वहीत टिपले. शेवटची रांग निळी नव्हती. नासलेल्या ताकासारखी होती. दोन वर्षं पाऊस नाही, हवेत धूळ, आणि धुळीचे कण हवेच्या कणांपेक्षा कितीतरी मोठे, ते निळं-तांबडं असा भेद करत नाहीत. सगळाच उजेड विस्कटून टाकतात.

"काय बगायलीस गं भोकातून?" नागुबाईने विचारलं.

"लांबचा रंग."

"लांब काय न्हाई बाई. तेच हाय सगळं." मग थोडं थांबून ती म्हणाली, "काम कधी लागतंय ते बग तुज्या भोकातून."

पडद्यावर तिने ताकाचा रंग लावला तेव्हा व्यंकटराव नाराज झाले. "हे काय, मळकं? लांबचं स्वच्छ पाहिजे. पाऊस झाल्यासारखं. तळं भरलंय तर पाऊस झालाच असेल की नाही? तुम्हीच सायन्सवाल्या."

ते खरं होतं. तिने नीळ वाढवली. निळा चढू लागला तसा पडदा मागे मागे सरकू लागला. घळीच्या तोंडाशी बांध बसला, त्याच्यावर एकेक दगड जडवल्यासारखं पिचिंग, मागे पाणी, पाण्यामागे टेकडी, टेकडीमागे रांग, रांगेमागे नुसती निळसर शंका. बाराव्या दिवशी महादेवप्पा स्टूल ओढून पडद्यापुढे बसला आणि हातातली विडी विझेपर्यंत बघत राहिला. शेवटी म्हणाला, "आत वारा हाय गं." पंचवीस वर्षांत त्याने स्वतःच्या पडद्याबद्दल असं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी सरसाच्या वासातही ती पोटभर जेवली.

व्यंकटरावांनी पडदा बघून एकच प्रश्न विचारला. "उजेड कुठून येतोय यात?"

"डावीकडून. सकाळचा. अंगणात दक्षिणेच्या भिंतीला लावला तर नऊच्या सुमाराला खऱ्या सावल्या आणि रंगवलेल्या सावल्या एका बाजूला पडतील."

कुणीतरी सावलीबद्दल विचारावं याचाच तिला एवढा आनंद झाला होता, की का विचारलं हे विचारायचं राहून गेलं.

पंधरा मेला तिला सकाळी सातला बोलावणं आलं. अंगणात ट्रॅक्टरने काळ्या दगडाच्या दोन खेपा टाकल्या होत्या. पडदा दक्षिणेच्या भिंतीला होता आणि त्याच्या पायाशी दगड रचलेले. खरा दगड आणि रंगवलेला दगड जिथे भेटत होते तिथे सांधा दिसत होता, तो तिने मोडायचा होता. प्रदर्शनात असंच मांडणार असतील, तिला वाटलं. खऱ्या दगडाला थुंकी लावून तिने त्याचा ओला रंग बघितला, मग कोरडा, काजळीत थोडा गेरू घातला आणि गुडघ्यांवर सरकत सरकत तासाभरात सांधा नाहीसा केला. व्यंकटराव येऊन लांब उभे राहिले, डोळे बारीक केले. "कुठं संपतो दगड आणि कुठं सुरू होतो पडदा, मलाच कळंना," ते म्हणाले. तिचे कान गरम झाले.

साडेआठला बाहेर ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीतून बाया उतरल्या. टोपली, पाटी, टिकाव, फावडं असं जिच्या हाती जे आलं ते. सगळ्यात पुढे नागुबाई, मागे काळखडीचीच धुरपताबाई, आणि आणखी दहा-बारा जणी.

"आत्या, तू इथं कशी?"

"फोटू काडायचाय म्हनं कामावल्या बायांचा. फोटू निगाला की सोमवारी काम लागतंय." नागुबाईने पडद्याकडे बघितलं. ती दोन पावलं पुढे आली. "आगं. ही आपली घळ हाय."

"हाव," धुरपताबाई म्हणाली. "आन पानी कुठलं मनायचं हे?"

"पंचीनं काडलंय," महादेवप्पा कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याआडून म्हणाला.

बायांनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं. ते कौतुक तिला आवडलं, आणि पुढे कित्येक दिवस त्या आवडण्याचीच तिला किळस येत राहिली.

व्यंकटरावांनी बायांना दगडांवर चढवलं. कुणाला वाकायला लावलं, कुणाच्या डोक्यावर पाटी दिली. "पाटीत दगड घाला, रिकामी कळते." पाटीत दगड घातले गेले. मग त्यांनी पिशवीतून एक पाटी काढली, शाळेतली, लाकडी चौकटीची, त्यावर आधीच खडूने लिहिलेलं. ती धुरपताबाईच्या हातात दिली. "ही छातीशी धर. सरळ धर."

धुरपताबाईने सरळ धरली. तिला वाचता येत नव्हतं. नागुबाईलाही नव्हतं. पंचशीलाने वाचलं: काळखडी पाझर तलाव. रोजगार हमी योजना. काम पूर्ण. मे १९८६.

ती महादेवप्पाजवळ गेली. "आप्पा, हे काय आहे?"

"फोटो हाय."

"प्रदर्शनाला रंगीत पडदा जायचाय, मग हा काळा-पांढरा फोटो कशाला?"

"अहवालाला हाय. वरून साहेब लोक फोटो मागायलेत." तो तिच्याकडे न बघता लेन्स पुसत होता. "पोरी, पंचवीस वर्षं मी लोकांना ताजमहालापुढं उभं करायलोय. अजून एक पोलीस नाही आला."

"त्यांना माहीत असतं की ताजमहाल इथं नाही."

"यांना बी माहीत हाय की तळं नाही."

"पाटीवर काय लिहिलंय ते नाही माहीत."

महादेवप्पा फडक्यात शिरला. घड्याळात नऊला पाच कमी होते. खऱ्या बायांच्या सावल्या आणि तिने रंगवलेल्या बांधाच्या सावल्या एका बाजूला पडल्या होत्या, अगदी तिने सांगितलं होतं तशा. क्लिक झालं. जागा बदलून दोनदा आणखी झालं. ती तशीच उभी होती. ओरडायला हवं होतं हे तिला कळत होतं, आणि तरी डोक्याचा एक भाग थंडपणे तपासत होता, की काळ्या-पांढऱ्यात निळं जरा जास्तच उजळ येईल, म्हणजे खोली आणखी वाढेल. ती भिंतीच्या कडेला गेली आणि ओकली.

व्यंकटरावांनी काढलेल्या फिल्म बंद चौकटींसकट ताब्यात घेतल्या. "लातूरहूनच धुऊन घेतो, संध्याकाळी तिकडंच चाललोय," म्हणाले आणि जीपमध्ये बसून गेले. जाताना माठावर थांबून त्यांनी चूळ भरली.

नागुबाई तांब्या घेऊन पंचशीलाकडे आली. "काय खाल्लीस गं?"

"आत्या, सोमवारी काम लागणार नाही." तिने एका दमात सांगून टाकलं. पाटीवर काय होतं ते, तो फोटो कुठे जाणार ते, आणि काम झाल्याची नोंद एकदा कागदावर झाली की त्या घळीत पुन्हा टिकाव पडणार नाही ते. "हजेरीपटावर तुमची नावं असतील, तुमच्या नावाची मजुरीही दुसरंच कुणी उचलेल. फोटोत तुमची तोंडं आहेत. पडदा मी काढला. सांधा मी मोडला. किती वाजता उजेड बरोबर पडतो तेसुद्धा मीच सांगितलं."

बाया जवळ आल्या होत्या.

"म्हंजी आमी तळं बांधून मोकळं झालाव," धुरपताबाई म्हणाली. "पाटी बी मीच धरली. माज्या नवऱ्यानं कदी दिलं नसंल इतकं भारी धरायला दिलं मला." दोघी-तिघी हसल्या. नागुबाई हसली नाही.

"तुला कदी कळलं?" तिने विचारलं.

"पाटी वाचली तेव्हा."

"फोटू काडायच्या आदी का मागून?"

पंचशीलाने खरं ते सांगितलं. "आधी."

नागुबाईने तांब्यातलं पाणी स्वतः पिऊन टाकलं. तोंड पुसलं. मग पडद्यापाशी जाऊन खालचा बांबू दोन्ही हातांनी धरला. "धुरपे, ती कड धर. गुंडाळा गं."

"अव्वा, पडदा माझा हाय," महादेवप्पा पुढे आला. "कापड माझं, बांबू माझा."

"आन आमची तोंडं? ती कुनाची हायती, आप्पा? ती तुमी काडून दिलाव त्याला." ती शांतपणे बोलत होती. "ती आनून द्या मला, मंग ह्यो पडदा ठिवते मी हितंच."

म्हाताऱ्याने एकदा पंचशीलाकडे बघितलं. मग तो आत गेला आणि स्टुडिओचं दार लावून घेतलं. भिंतीवरच्या दोऱ्या त्याने सोडल्या नाहीत आणि सोडू नका असंही म्हणाला नाही. त्या पंचशीलाने सोडल्या.

तहसील कचेरी स्टुडिओपासून बाजारातून दहा मिनिटांवर होती. बारा-चौदा बाया, डोक्यावर वीस फुटांची कापडाची वळकटी, प्रेतासारखी. उन्हात सरसाचा वास परत उठला आणि दुकानदारांनी नाकं धरली. कचेरीच्या कुंपणाला पडदा सोडला तेव्हा अर्ज घेऊन आलेली माणसं भोवती जमली. "काय हुबेहूब हाय," एकजण म्हणाला. "पार गेल्यासारखं वाटतंय आत." दुसऱ्याने विचारलं, "कुठं हाय हे? पानी हाय तिथं?" पंचशीलाला वाटलं, त्या निळ्यावर हाताने शेण फासावं.

तहसीलदार पायऱ्या उतरून आले. नव्या जिल्ह्यात नव्याने आलेले, तरुणच, दोन तालुक्यांचा टंचाईचा भार वाहून डोळ्यांखाली काळे झालेले. "नाटक आहे का काय?"

"हाव साहेब," नागुबाई म्हणाली. "ही काडणारीन. इचारा तिला."

तिने पंचशीलाला पुढे ढकललं. ढकलण्यात माया नव्हती. पंचशीलाने पडद्यापुढे उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश, तारखा आणि वेळा धरून. तहसीलदारांनी मध्येच हात वर केला. "लेखी द्याल?"

आतल्या टेबलावर तिने लिहिलं. काळखडीच्या पाझर तलावाचा पडदा मी रंगवला. अमुक तारखेला मी जागेवर गेले होते, तिथे कोणतंही काम झालेलं नव्हतं. आज सकाळी नऊच्या सुमारास या पडद्यापुढे खाली नावं दिलेल्या बायांचे फोटो काढले. पाटीवर 'काम पूर्ण' असं होतं, हे मी फोटोच्या आधी वाचलं होतं. शेवटचं वाक्य लिहून ती थांबली. कारकून म्हणाला, "बाई, एवढं कशाला? हे तुमच्यावरच येतंय." तिने ते खोडलं नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली. सरकारी नोकरीचे तिचे तीन अर्ज याच जिल्ह्यात कुठल्यातरी टेबलांवर पडून होते.

"यावरून तलाव नाही असं सिद्ध होत नाही," तहसीलदार म्हणाले.

"अकरा किलोमीटर आहे, साहेब. जाऊन बघता येईल."

ते कंटाळले होते, पण उठले. जीपमध्ये मागे नागुबाई, पंचशीला आणि एक तलाठी बसले. साडेबाराच्या उन्हात घळीच्या तोंडाशी जीप थांबली. काळा दगड. बाभळीची खुंटं, आता तीनच, एक कुणीतरी चुलीसाठी नेलेलं. पडद्यावर जिथे बांध रंगवला होता तिथे शेळीच्या लेंड्या वाळत होत्या.

तहसीलदार कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. खऱ्या घळीकडे बघत म्हणाले, "तुमच्या चित्रात बरं दिसत होतं हो."

तलाठी हसला. पंचशीलाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकण्याआधी सुटतं तसं. तिने ते गिळलं.

"साहेब, तारीख लिवून द्या," नागुबाई म्हणाली.

"पंचनामा होईल, अहवाल जाईल, मग..."

"त्ये तुमचं तुमी करा. व्यंकटरावाला धरा न्हाईतर सोडा. आमाला टिकाव कवा मारायचा ती तारीख लिवा. सोमवारच्या खडीच्या ट्रकात बसायचं का न्हाई ते सांगायचंय मला बायांला. ट्रक कर्नाटकातून निगनार हाय."

तहसीलदारांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. बॉनेट तापलं होतं, त्यांनी हात झटकला, खाली फाईल घेतली आणि लिहिलं. गुरुवार, बावीस मे. तलाठ्याला शिक्का मारायला सांगितलं. नागुबाईने कागद पंचशीलापुढे धरला.

"काय लिवलंय? हाय ते वाच."

पंचशीलाने वाचलं. नागुबाईने तिला ते पुन्हा वाचायला लावलं. मग कागद तलाठ्यापुढे धरला आणि त्यालाही वाचायला लावलं. दोन्ही वाचनं जुळली तेव्हाच तिने कागदाची घडी घातली, कनवटीला खोचली आणि ट्रकवाल्याला निरोप धाडायला म्हणून गावाच्या वाटेला लागली. पंचशीलाला तिने चल म्हटलं नाही. थोडं अंतर जाऊ देऊन पंचशीला तिच्या मागून निघाली.